गच्चीवरचे चार इंच: रिफ्रॅक्टरच्या नादी लागलेल्यांचा धागा

गच्चीकर

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज मुहूर्त लागला.

अठरा वर्षं आठ इंची डॉब (जमिनीवरच्या तळावर फिरणारी आरशाची दुर्बीण) वापरला. वांगणी, नेरळ, एकदा भंडारदरा, सगळीकडे गाडीच्या मागच्या सीटवर आडवा झोपवून नेला. हल्ली कंबर ऐकत नाही. आमच्या सोसायटीची लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते, तिथून गच्चीपर्यंत एकवीस पायऱ्या. नळी एका खेपेत, तळ दुसऱ्या खेपेत, आयपीसची (डोळा लावायच्या भिंगांची) पेटी आणि स्टूल तिसऱ्या. गेल्या वर्षी डॉब किती वेळा बाहेर निघाला ते वहीत मोजलं, तर सहा वेळा. अख्ख्या वर्षात सहा!

दिवाळीनंतर ओळखीतल्या एका बुजुर्ग निरीक्षकांनी त्यांचा ताकाहाशी एफसी-१०० डीएफ हा रिफ्रॅक्टर, म्हणजे आरशाऐवजी भिंगाची दुर्बीण, विकायला काढला. १०० मिमी भिंग, ७४० मिमी फोकल लेंथ (भिंगापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर), दोन भिंगांची जोडी आणि त्यातलं मागचं फ्लोराइट या स्फटिकाचं. नळी एका हातात मावते. किंमत विचारू नका. घरी विचारली गेली तेव्हा मी 'ॲक्टिव्हाएवढी' असं उत्तर दिलं. किती ॲक्टिव्हा, हे कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून तीन महिन्यांत वहीत ४१ रात्री झाल्यात. त्यातल्या निम्म्या जेवण झाल्यावर 'पाच मिनिटं जाऊन येतो' छापाच्या.

आता काय दिसतं ते. ठाण्याचं आकाश तुम्हाला माहीत आहे. मृगाचं सबंध चित्र पुरं करायला कल्पनाशक्ती लागते, आणि दीर्घिकांचं तर नावच काढू नका. पण जोडताऱ्यांना रस्त्यावरच्या दिव्यांशी काही देणंघेणं नसतं. पहिल्या रात्री मृगातल्या राजन्यावर लावला, १२३ पट मोठं करून. डॉबमध्ये हा तारा मला कायम केसाळ, काटेरी दिसायचा. इथे एक छोटी गोल टिकली, तिच्याभोवती केसाएवढं एक कडं आणि साडेनऊ आर्कसेकंदांवर (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सोबती, सुईने टोचल्यासारखा. मी अठरा वर्षं पुस्तकात त्या कड्याची आकृती बघत आलोय. प्रत्यक्षात इतकं स्वच्छ पहिल्यांदा दिसलं.

मग सवयच लागली. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यातला पूर्वेकडचा म्हणजे अल्निटाक. तो जवळजवळ सव्वादोन आर्कसेकंदांचा जोडतारा आहे. मृगातलाच ईटा ओरायनिस त्याहून चिकटलेला, १.८ च्या आसपास. १४८ पटीत आठच्या आकड्यासारखा, २११ पटीत दोन टिकल्या आणि मध्ये काळी फट. शृंगाश्व तारकासमूहातला बीटा तर तीन ताऱ्यांचा अरुंद त्रिकोण. विल्यम हर्शेलने १७८१ मध्ये तो पाहिला आणि आकाशातल्या सर्वांत सुंदर दृश्यांत त्याची गणना केली. माझा त्याला दुजोरा. माझ्या दुजोऱ्याची त्याला गरज नाही ते सोडा.

आता तीन प्रश्न.
एक, व्याधाचा सोबती चार इंचात कोणी खरंच पाहिलाय का? तो सध्या कक्षेत मुख्य ताऱ्यापासून जवळपास सर्वांत दूर आहे, अंतर ११ आर्कसेकंदांच्या आसपास. मी नऊ रात्री प्रयत्न केला. शून्य.
दोन, गुरू यंदा मिथुनेत आहे, त्यामुळे तो आपल्याकडे अगदी डोक्यावर येतो. तिथे दुर्बीण वळवली की आयपीस माझ्या गुडघ्याशी. यावर उपाय?
तीन, आपल्यापैकी अजून कोण कोण या नादाला लागलंय? हात वर करा.

टवाळ

वाखु (वाचनखूण) साठवली. 'किती ॲक्टिव्हा' हा प्रश्न वहिनींपर्यंत पोचवायची जबाबदारी मी घेतो.

डॉबवाला

गच्चीकर, अभिनंदन. लिहिलंयही झकास. पण वाचणाऱ्या नवशिक्यांचा गैरसमज व्हायला नको, म्हणून थोडा खडा टाकतो.

आठ इंची आरसा चार इंची भिंगाच्या चौपट प्रकाश गोळा करतो. चार इंचांची जोडतारे विलग करायची मर्यादा डॉजच्या सूत्राने १.१६ आर्कसेकंद, आठ इंचांची ०.५८. हे पदार्थविज्ञान आहे, ते ब्रँड बघून बदलत नाही. तुमच्या त्या अनेक ॲक्टिव्हांमध्ये सोळा इंची आरसा आला असता.

आणि ती टिकली-कडं इतकी सुबक का दिसतात तेही सांगतो. सीइंग (हवेची स्थिरता) एक आर्कसेकंदाचं, म्हणजे आपल्याकडे चांगलंच म्हणायचं, तेव्हा हवेचा सलग, न चुरगळलेला तुकडा साधारण दहा सेंटिमीटरचा असतो. तुमचं भिंग बरोबर तेवढंच! म्हणून तुमचा तारा जागच्या जागी थोडा हलतो पण फुटत नाही. आठ इंची आरशापुढे असे चार तुकडे एकाच वेळी येतात आणि प्रतिमा विस्कटते. थोडक्यात तुमची दुर्बीण हवेचा दोष कमी दाखवते, कारण ती मुळात बारीक काही दाखवूच शकत नाही. पाच क्षण हवा थांबली की माझ्याकडे जे उघडतं ते तुमच्याकडे उघडणार नाही.

प्रश्न १: नाही पाहिलेला. माझ्या दहा इंचीतून एकदा वाटलं होतं. एकदाच.

मघा

हात वर. पुणे, वारज्याची गच्ची. माझ्याकडे स्कायवॉचरचा एव्होस्टार १०० ईडी, म्हणजे १०० मिमी आणि ९०० फोकल लेंथ. गच्चीकरांच्या दुर्बिणीच्या निम्म्याहूनही बरीच कमी किंमत. म्हणून मी या धाग्यातली गरीब नातेवाईक.

डॉबवाल्यांचं हवेच्या तुकड्याचं गणित अगदी पटलं. त्यावरून निघणारा निष्कर्ष पटला नाही. वर्षातल्या ज्या रात्री मला ऑफिसातून येऊन दीड तास मिळतो, त्यातल्या किती रात्री हवा एक आर्कसेकंदाहून चांगली असते? हिवाळ्यात तर नाहीच. माझ्या वहीप्रमाणे आपल्याकडे सगळ्यात स्थिर हवा पावसाळ्याच्या उघडिपीत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मिळते. आकाश दुधाळ, दमट, ताऱ्यांचा पत्ता नाही, पण शनी कोरल्यासारखा. एरवी जी हवा वाट्याला येते तिच्यात जे भिंग पूर्ण वापरलं जातं ते मला परवडतं.

आता महागड्या भिंगाबद्दल. लोक फ्लोराइट म्हटलं की हात जोडतात. साधं, क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांचं भिंग निळा-जांभळा प्रकाश वेगळ्या ठिकाणी एकवटतं, म्हणून गुरूभोवती जांभळी झालर दिसते. रंग किती कमी पसरतात ते ॲबे अंकावरून कळतं. फ्लोराइटचा हा अंक ९५ च्या आसपास. ओहारा कंपनीच्या एफपीएल-५३ काचेचाही जवळपास तोच. जोडीदार काच नीट निवडली आणि फोकल लेंथ पुरेशी लांब ठेवली, तर नुसत्या डोळ्यांनी बघताना या दोन पदार्थांतला फरक ओळखणं फार अवघड आहे. मी एकदा दोन्ही शेजारी लावून व्याध बघितलाय. मला आला नाही ओळखता.

मग जास्तीचे पैसे कशाचे? माझ्या मते घासकामाचे आणि खात्रीचे. माझं पहिलं भिंग आलं तेव्हा फोकसच्या आत-बाहेर तारा लंबगोल व्हायचा, बदलून घ्यावं लागलं. फोकसर (प्रतिमा स्पष्ट करायला पुढे-मागे फिरवायचा भाग) थंडीत घसरायचा, तो मी स्वतः उघडून, ग्रीस पुसून नीट केला. चांगल्या कंपनीच्या दुर्बिणीत प्रत्येक नग सारखा निघतो आणि फोकसरला बोट लावलं की तो तिथेच थांबतो. जोडतारे बघणाऱ्याला हे शेवटचं किती महत्त्वाचं ते तोच जाणे.

प्रश्न २: माझी नळी तर तुमच्याहून लांब, ती खाली तिपाईच्या पायावर आपटते. तिपाई आणि माउंटच्या (दुर्बीण ज्यावर फिरते त्या भागाच्या) मध्ये फूटभर उंचीचा खांब घालून घेतला, ओळखीच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमच्या पाइपचा. आणि ड्रम वाजवणारे बसतात तसलं, फिरवून खाली-वर होणारं स्टूल आणलं. पायऱ्यांवर बसून गुरू बघण्याचे दिवस गेले.

रेवदंडेकर

मघाताई +१.

आमच्याकडची वेगळीच कथा. समुद्र चारशे मीटरवर. पहिल्या रिफ्रॅक्टरच्या भिंगात तिसऱ्या पावसाळ्यात कोळ्याचं जाळं उगवलं. बुरशी. ती काचेवरच्या लेपात मुळं रोवते, पुसून जात नाही, आणि गेली तरी तिचा ठसा राहतो. आता शिकलो ते असं. बाहेरून आणलेली दुर्बीण दव पडलेल्या अवस्थेत झाकण लावून पेटीत टाकायची नाही. खोलीत उघडी ठेवून रात्रभर सुकू द्यायची, मग झाकण. पेटीत सिलिका जेल, ते निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर भाजून घ्यायचं. जून ते सप्टेंबर सगळं हवाबंद डब्यात, आत आर्द्रता मोजायचं छोटं मीटर. मीटर पन्नासच्या वर गेलं की डबा उघडून सिलिका बदला.

आणि एक. डासांचं मलम लावलेल्या बोटांनी आयपीसला हात लावू नका. तो डाग मी अजून पुसतोय.

परदेशस्थ पांडू

टूसॉन, ॲरिझोना इथून हात वर. मूळचा सांगलीचा.

माझ्याकडे टेलिव्ह्यूचा एनपी१०१. १०१ मिमी आणि फक्त ५४० मिमी फोकल लेंथ, पेट्झवाल रचना, म्हणजे पुढे दोन भिंगं आणि मागे नळीत आणखी दोन. एरवी आखूड रिफ्रॅक्टरमध्ये मध्यभागी तारे टोकदार असले की कडेचे फुगतात. यात कडेपर्यंत सपाट. तुम्ही मंडळी वाढवत वाढवत दोनशे पटीत बघताय, मी उलट टोकाला. ३१ मिमीचा नॅगलर आयपीस लावला की १७ पट आणि जवळजवळ साडेचार अंशांचं आकाश एका नजरेत. नऊ पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडा, तेवढं. वाळवंटातल्या काळ्या आकाशात ओ-तीन फिल्टर (तेजोमेघातल्या ऑक्सिजनचाच प्रकाश सोडणारा) लावून हंसातला व्हेल तेजोमेघ दोन्ही कमानींसकट एकाच दृश्यात येतो. सोळा इंची डॉबमध्ये त्याचा एक धागा दिसतो, सुंदर दिसतो, पण एकच. डॉबवाले, हे तुमच्या आरशाला कोणत्याही हवेत जमणार नाही, कारण तुमची फोकल लेंथ!

हे आयपीस बनवणारे अल नॅगलर आधी अपोलो चांद्रयानाच्या प्रशिक्षणासाठीच्या सिम्युलेटरची प्रकाशयंत्रणा करायचे. अंतराळवीराला खिडकीतून बघितल्यासारखं विस्तीर्ण दृश्य हवं होतं. तिथला अनुभव घेऊन त्यांनी १९७७ मध्ये टेलिव्ह्यू कंपनी काढली. त्यांच्या आयपीसला डोळा लावला की नळीतून नव्हे, खिडकीतून डोकावल्यासारखं वाटतं, ते त्यामुळे.

आता दुसरी बाजू. इथे मी असे लोक पाहतो की ज्यांच्या दुर्बिणींवर अजून दवाचा थेंब पडलेला नाही. ॲस्ट्रो-फिजिक्सच्या रिफ्रॅक्टरसाठी लोक वर्षानुवर्षं यादीत नाव लावून बसतात, आणि मिळाला की तो नव्या किमतीपेक्षा जास्तीला विकला जातो. देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे ठेवतात. त्या कंपनीच्या रोलंड क्रिस्टनने ती भिंगं जीव ओतून घासली ती काय कपाटात ठेवायला? हा शौक दागिन्यांच्या वाटेने जाऊ नये इतकंच. गच्चीकरांच्या ४१ रात्री वाचून म्हणूनच बरं वाटलं.

क्ष_किरण

अवांतर: रिफ्रॅक्टरवरून आठवलं, हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून लागला ना? तिथे साहेबाचा कट्टा आहे. आम्ही सहलीला गेलो तेव्हा गाइडने सांगितलं होतं.

मघा

क्ष_किरण, ही गोष्ट दर दोन वर्षांनी येते, म्हणून एकदा नीटच लिहिते. सूर्याच्या वर्णपटातली ती अनोळखी पिवळी रेषा, जी पुढे हेलियमची निघाली, १८६८ ची. त्या वर्षीच्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन गुंटूरला होते. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि ग्रहणाशिवायच कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेत होते. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, म्हणजे तीस वर्षांनी. कट्टा खरा, लॉकियर खरे, हेलियम मात्र तिथलं नाही. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

त्याच ग्रहणाला आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरलाही मोठा तळ पडला होता. पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला तिथे होते, आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही.

लिकचं नाव आलंच आहे तर धाग्यावर परत येते. तिथला ३६ इंची रिफ्रॅक्टर १८८८ चा. त्यातून तिथल्या बर्नार्ड या निरीक्षकाने १८९२ मध्ये गुरूचा पाचवा चंद्र अमाल्थिया पाहिला. फोटो नाही, निव्वळ डोळा. नुसत्या डोळ्याने शोधलेला तो शेवटचा चंद्र. ते भिंग अल्वन क्लार्क आणि मुलांनी घडवलं. आणि गच्चीकरांचा व्याधाचा सोबती १८६२ मध्ये पहिल्यांदा दिसला तोही क्लार्क यांच्याच मुलाला, साडेअठरा इंची नवं भिंग तपासताना. साडेअठरा, काका. तुमचं चार.

गच्चीकर

मघाताई, तो शेवटचा टोला वर्मी बसला.

पण एक मुद्दा माझ्याही बाजूने नोंदवा. लंडनहून व्याध क्षितिजापासून वीसेक अंशांवर, हवेच्या जाड थरात लटपटत असतो. ठाण्यात तो ५४ अंशांपर्यंत चढतो. भूगोल तरी आपल्या बाजूने आहे.

नवखी

नमस्कार. सगळं कळलं असं नाही, पण वाचायला मजा येतेय. मुलगा आठवीत आहे, त्याला दुर्बीण हवीय. बजेट वीस हजार. ऑनलाइन ७० मिमीचा रिफ्रॅक्टर दिसतोय, खोक्यावर ६७५ पट लिहिलंय. घेऊ का? नाशिकला राहतो.

डॉबवाला

नवखीताई, नका घेऊ. भिंगाच्या दर मिलिमीटरला दोन पट, यापुढे सगळा चिखल. ७० मिमीला १४० पट म्हणजे शिखर झालं. ६७५ लिहिणाऱ्याला दुर्बीण विकायची नसून खोकं विकायचंय. त्या किमतीतल्या दुर्बिणीची तिपाईही इतकी लेचीपेची असते की फोकस करताना चंद्र नाचतो.

मी नाशिकचाच. आधी १० बाय ५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) बायनॉक्युलर घ्या, उरलेले पैसे ठेवून द्या. आणि मुलाला एखाद्या रात्रभराच्या आकाशदर्शनाला पाठवा. खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम असतात, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हेच काम करतेय. दहा प्रकारच्या दुर्बिणींना डोळा लावून झाला की त्यालाच कळेल काय हवंय. तरी घ्यायचीच असेल तर सहा इंची डॉब.

गच्चीकर

सहा इंची डॉबला माझंही अनुमोदन. पहिली दुर्बीण म्हणून महागडा रिफ्रॅक्टर मी कोणालाही सुचवणार नाही, हे या धाग्यावर माझ्या तोंडून येणं गरजेचं होतं.

टवाळ

नोंद घ्यावी: दोघांचं एकमत झालं. धागा इथेच गोठवून काचेच्या पेटीत ठेवावा. सिलिका जेलसकट.

गच्चीकर

गोठवू नका, वृत्तांत बाकी आहे. डॉबवाले परवा कामासाठी ठाण्यात आले होते. येताना आठ इंची डॉब घेऊन आले! खरं-खोटं एकदा करूनच टाकू म्हणून दोन्ही दुर्बिणी गच्चीवर शेजारी शेजारी.

सव्वाआठला मांडल्या. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला, हात लावला तर कोमट. माझी तिपाई आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत असणाऱ्या कोपऱ्यात नेली, तिथे लादी थंड असते. डॉबचा आरसा गाडीतल्या उन्हातून आलेला. पहिला पाऊण तास त्यातला गुरू म्हणजे उकळत्या दुधातली बुंदी. तेवढ्या वेळात माझ्याकडे १४८ पटीत दोन मुख्य पट्टे, उत्तर पट्ट्याची खालची दातेरी कड, चारी चंद्र आणि शेजारचे चौघे जण बघून झाले. शेजारच्या जोशी काकू 'एवढंसंच?' म्हणून खाली गेल्या, ते सोडून देऊ.

दहा वाजता डॉबवाल्यांनी आरसे जुळवले. साडेदहाला हवा थांबली. आता प्रामाणिकपणे लिहितो. डॉबमधला गुरू सरस होता. पट्ट्यातून विषुववृत्ताकडे वळलेले निळसर झुपके माझ्याकडे 'आहेत बहुतेक' इतपत होते, तिथे ते मोजता येत होते. दोनशे मिमीतून मधल्या आरशाचे पन्नास वजा केले तरी बारीक तपशिलाच्या हिशोबाने दीडशेचं भिंग उरतं. माझं शंभरचं. गणित चुकत नाही. मी अर्धा तास त्यांच्याच दुर्बिणीला चिकटून होतो.

मृगातला तेजोमेघ, एम ४२. ठाण्याच्या आकाशातही डॉबमध्ये पंख पसरलेले. माझ्याकडे एक हिरवट धुरकट डाग. मधल्या चार ताऱ्यांच्या चौकटीत पाचवा मला दिसला, सहावा फक्त त्यांना.

आता ईटा ओरायनिस. डॉबमध्ये दोन तारे अंतराने जास्त मोकळे, पण दोन पेटते काकडे एकमेकांशी भांडताहेत असे. माझ्याकडे दोन शांत टिकल्या, एकीच्या कड्याला दुसरी टेकलेली. डॉबवाले बराच वेळ आयपीसला डोळा लावून गप्प होते. मग म्हणाले, "हं." मी हा शब्द वहीत लिहून ठेवलाय, वेळेसकट.

व्याधाचा सोबती: दोघांनाही नाही.

अकरा चाळीसला आवरलं. मी नळी काखेत, तिपाई खांद्यावर टाकून एका खेपेत खाली. मग परत वर गेलो डॉबचा तळ उचलायला.

डॉबवाला

वृत्तांत बरोबर आहे. 'हं' चा अर्थ मात्र गच्चीकरांनी सोयीने लावलाय. मी विचार करत होतो की माझ्या आरशापुढे चार इंची भोक पाडलेला पुठ्ठा, मधल्या आरशाला आणि त्याच्या काड्यांना चुकवून, कडेला लावला तर हेच दिसेल का. घरी जाऊन पंचाहत्तर मिमीचं पाडलं, कडेला तेवढीच जागा होती. तारा टिकली-कड्यासकट सुबक दिसतो. फुकटात.

फक्त पुठ्ठा लावून बघताना एक लक्षात आलं. दुर्बीण तरीही अठरा किलोचीच राहते.

परदेशस्थ पांडू

हाहाहा. पुठ्ठ्याची युक्ती जुनी आणि चोख. सगळ्यांनी करून बघा.

गच्चीकर, एक सुचवू? त्या भिंगाचा दिवसाही उपयोग करा. हर्शेल वेज नावाचा प्रिझम फक्त रिफ्रॅक्टरलाच चालतो. तो सूर्याचा बहुतेक प्रकाश आणि उष्णता मागे टाकून देतो, उरलेल्यावर त्याच्यातला गडद फिल्टर लागतो, तो कधीही काढायचा नाही. आणि माझ्यासारख्या पेट्झवालवाल्यांनी आधी कंपनीला विचारावं, मागची भिंगं तापतात. सकाळी स्लॅब तापायच्या आत सूर्यडागांच्या कडेची उभी रेघारेघांची झालर आणि सबंध पृष्ठभागावरचे तांदळाच्या कण्यांसारखे दाणे बघा. चार इंचांत दिसतात, हवा साथ देईल तेव्हा.

मघा

पांडूदादा, वेज माझ्याकडे आहे, दाण्यांबद्दल दुजोरा. सकाळी साडेआठ ते साडेनऊ, त्यानंतर पुण्याची हवा शिजते.

आणि गच्चीकर, व्याध सोडा थोडे दिवस. आता फेब्रुवारीत पहाटे ज्येष्ठा वर येतेय. तिचा सोबती अडीच-पावणेतीन आर्कसेकंदांवर, पण लालभडक राक्षसाच्या झगमगाटात बुडालेला. १८१९ मध्ये चंद्राने ज्येष्ठेला झाकलं, तेव्हा व्हिएन्नात खगोलशास्त्रज्ञ ब्युर्ग यांना तो पहिल्यांदा वेगळा जाणवला. युरोपातल्या लोकांना ज्येष्ठा क्षितिजावर लोंबकळताना दिसते, आपल्याकडे ती पंचेचाळीस अंशांपर्यंत चढते. युक्ती अशी: अंधारात बघू नका. उजाडायला लागलं, आकाश निळं पडलं की मुख्य ताऱ्याचा झगमगाट ओसरतो. तेव्हा २०० पटीच्या वर जा आणि बरोबर पश्चिमेला बघा. मला तो पोपटी हिरवा दिसला होता.

गच्चीकर

मघाताई, आज पहाटे.

पावणेसहाला गच्चीवर. स्लॅब रात्रभरात निवलेला, वारा नाही. सहाला ज्येष्ठा म्हणजे नुसती नारिंगी ठिणगी, तिची किरणं चहूकडे. २११ पट, काही नाही. या पटीत माझ्या डोळ्यातली जाळी-जळमटंच जास्त दिसतात, वय झालं. सहा पंचवीसला आकाश निळं होऊ लागलं. माउंट थांबवून तारा नुसता वाहू दिला, म्हणजे पश्चिम कुठली ते नक्की कळतं. जो पुढे जातो तो पश्चिमेचा. सहा चौतीसला नारिंगी टिकलीच्या पुढे, पहिल्या कड्याच्या जरा बाहेर, एक ठिपका. गेला. परत आला. सलग चार-पाच सेकंद टिकला. मग पुन्हा तारा मागे आणून वाहू दिला, पुन्हा त्याच जागी. सहा एक्केचाळीसपर्यंत तीन वेळा.

हिरवा म्हणाल तर नाही. मला राखाडी दिसला.

मघा

अभिनंदन! हिरवाच आहे. पुन्हा बघा.

डॉबवाला

तारा मुळात निळसर पांढरा. हिरवा रंग शेजारच्या लालभडकामुळे डोळा स्वतःच घालतो. राखाडी हे प्रामाणिक उत्तर आहे. रविवारी पहाटे पुठ्ठा लावून बघतो आणि लिहितो.